जवसाची लाईन

साळवे सर गेले ही बातमी मला लायनीतच कळली. डेअरीसमोर सकाळची दुधाची लाईन लागलेली, मी काट्यापाशी उभी, आणि मागून एकेकाच्या तोंडून बातमी पुढं सरकत आली... सर गेले, सर गेले. पहिल्यांदा मनात काय आलं असेल? हेच, की सरांना हे फार आवडलं असतं! मग हातातलं माप खाली ठेवलं आणि एवढ्या लोकांदेखत ढसाढसा रडले. दूध खोळंबलं.

सर चौसाळ्याला हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. निवृत्त होऊन गावी आले ते माझ्या शेजारी. मी गावच्या दूध संस्थेची सचिव, म्हणून मला ते ‘सचिवबाई’ म्हणत. बाकीचं इंग्रजी ते शाळेतच ठेवून आले असावेत, कारण सोबत एकच शब्द आणला होता. लाईन. त्या एका शब्दानं त्यांनी आम्हाला इतकी वर्षं पिडलं की काय सांगू! वीज गेली म्हणून मी वायरमनच्या नावानं बोटं मोडत असायची, तर हे कुंपणापलीकडून विचारणार, “सचिवबाई, कोणती लाईन गेली? खांबावरची का फोनची? पोलिसांची असती तर बरं झालं असतं.” पोरं पोरींना मारतात ती लाईन, कवितेची लाईन, धंद्याची लाईन... आणि रेल्वेची लाईन, जी आमच्याकडं येणार येणार म्हणता म्हणता म्हातारी माणसं वर गेली.

“पण या सगळ्यांची आई एकच,” असं म्हणून सर चष्मा पुसत. चष्मा पुसला की समजायचं, आता सुटका नाही. “जवस! जवसाच्या खोडाचा वाख काढून दोरा वळायचे. तो ताणून धरला की भिंत सरळ येते का ते दिसायचं. लॅटिनमध्ये जवसाचं जे नाव, त्यावरून त्या दोऱ्याचं नाव पडलं, आणि दोऱ्यावरून लाईन. कोटाच्या अस्तराला लायनिंग म्हणतात ना, तेही जवसाचंच.”

“म्हंजी माज्या पोलक्याच्या अस्तरात जवस हाय?” शांताबाईनं विचारलं. शांताबाई म्हणजे खालच्या आळीची, दोन म्हशींची मालकीण, आणि गावात सरांना उलट बोलणारी एकटी. “लई झालं सर. जवसाची चटणी करत्यात. भाकरीसंगं खात्यात.”

मग तो दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, हातपंप नुसता खोकायला लागला आणि गाव टँकरवर आलं. आमच्याकडं टँकरच्या लायनीत माणूस उभा राहत नाही, भांडं उभं राहतं. पहाटे आपली कळशी ठेवून यायची, ती कळशी म्हणजे आपण. पण पाणी कमी पडलं तसं लोक कळशा पायानं मागं सारायला लागले. खालच्या आळीच्या कळशा तर रोज आपोआप शेवटी जायच्या, कशा ते सगळ्यांना ठाऊक. एक दिवस मारामारी झाली, घागर टँकरच्या काचेवर बसली आणि ड्रायव्हर बशीरभाई भडकला. “कल से बाहर फाट्यावर पानी सोडून जातो बे. भांडा तिकडंच!”

फाटा लांब. बायकांनी माणसांपुरतं डोक्यावर आणलं असतं, म्हशींपुरतं कोण आणणार? म्हशी बाजारात गेल्या असत्या आणि डेअरीला कुलूप. बशीरभाईच्या हातापाया पडून मी आठवड्याची सवलत मागून घेतली.

सरांनी दुसऱ्या दिवशी चुन्यानं जमिनीवर लाईन आखली. सुरेख, फळ्यावर आखावी तशी. टँकरचा हॉर्न वाजला आणि चुना लोकांच्या पायांबरोबर घरोघर गेला. मला वाटलं, आता तरी सर गप बसतील. कसले गप बसतात! सरांनी विचार करकरून सिद्धांत काढला की लोक लाईन पाळत नाहीत, कारण लाईन खरी नाही. खरी लाईन जवसाची!

चार-पाच दिवसांनी आमच्या गल्लीत असा वास सुटला की मला वाटलं कुणाची म्हैस मेली. शांताबाई नाकाला पदर लावून माग काढत थेट सरांच्या मोरीत शिरली. तिथं टोपलंभर जवसाच्या काड्या पाण्यात कुजत होत्या.

“अगं बया! लोकांच्या घशाला कोरड अन् सर काड्यायला पाणी पाजायलेत!”

“शांताबाई, ते माझ्या आंघोळीचं पाणी आहे.”

“मग आंघोळ कावून करता?”

गाव गोळा झालं. सर अंगणात बसून वाख सोलायला लागले आणि मांडीवर दोरा वळायला लागले. एक वीत झाला की तुटायचा. पुन्हा वळायचे, पुन्हा तुटायचा. लोक खो खो हसत होते. सरांचे कान लाल झाले, पण मान वर करेनात. मला त्या दिवशी त्यांची फार कीव आली. शेवटी शांताबाईलाच बघवेना. “सरका तिकडं,” म्हणून तिनं फतकल मारली, वाखात जुन्या लुगड्याच्या चिंध्या घातल्या आणि म्हशीचं दावं वळतात तसा पीळ देत गेली. बाकीच्या बायका हसता हसता कधी बसल्या कळलंही नाही. वरच्या आळीच्याही बसल्या.

हातपंपापासून लिंबाच्या झाडापर्यंत ते ताणलं आणि कळशा त्याच्या पलीकडं ओळीनं मांडल्या. आता आमच्याकडं दावं कुणी ओलांडत नाही, जनावराला बाधतं म्हणतात. सरांच्या चुन्यावर नाचलेली तीच माणसं दाव्यापाशी आली की पाय आखडून थांबायची. कळशा जिथल्या तिथं राहिल्या, खालच्या आळीच्यासुद्धा. बशीरभाई आठवड्यानंतरही येत राहिला. टँकर येईस्तोवर सर लायनीशेजारी उभं राहून रोज एक अर्थ सांगायचे. लोक जांभया द्यायचे, पण ऐकायचे. “ही लाईन आहे,” असं सर म्हणाले की शांताबाई म्हणायची, “दावं हाय.” हा वाद शेवटपर्यंत मिटला नाही.

यंदा पुन्हा टँकर सुरू आहे. सर गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पाण्याला गेले. दावं ताणलेलं होतं, आता त्यात जवस औषधालाही उरला नसेल. लायनीत शांताबाईच्या कळशीपुढं सरांची पोचे पडलेली कळशी. सरांच्या घरी तर चूलसुद्धा पेटली नव्हती, कळशी ठेवली कुणी?

“म्या ठिवली,” शांताबाई म्हणाली. “माणूस गेला म्हणून काय नंबर जातो व्हय?”

बशीरभाईनं टँकरमधून मान बाहेर काढली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. “मास्तर किधर है? आज तास न्हाई का?”

मी सांगायला पुढं झाले.

“सुट्टी हाय आज,” शांताबाई म्हणाली. “तू नळी सोड.”

तिनं आधी सरांची कळशी भरली, मग आपली. दोन्ही उचलून निघाली. वाटेत दावं आडवं आलं, तशी लिंबाला वळसा घालून लांबून गेली, आणि पलीकडं पोचल्यावर पाठमोरीच म्हणाली, “बरं सर, लाईन तर लाईन.”