दोघांपुरती मोटार

नवऱ्यावर पाळत ठेवायला मी एकदा त्याच्या मोटारीत शेजारच्या गादीला हळद फासली. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण अक्कल अजून माहेरीच होती.

झालं असं, की अख्खं घर मावेल अशी वाऱ्यासारखी पळणारी मोटार ह्यांनी देऊन टाकली आणि बदल्यात उघड्या टपाची, दोनच माणसांची चिमुकली गाडी आणली. म्हणे पेट्रोल कमी पिते, चालवायला मजा येते. मजा? आणि रोज संध्याकाळी एकटेच अनसिंगच्या रस्त्याने जायचे! सुनेने नवऱ्याशेजारी बसायची आमच्या घरात रीत नव्हती. मग ती जागा कोणासाठी? जिच्या लुगड्याला हळद लागेल ती सापडेल, असा माझा बेत.

संध्याकाळी दारातच उभी राहिले. त्याच रस्त्यावरच्या देवळात गेलेल्या सासूबाई परतल्या, तर बदामी लुगडं मागून पिवळंधमक! माझा चेहरा बघून त्या म्हणाल्या,

"देवळापासून मीच बसतो वं गाडीत. मोठ्या गाडीत मले मांगं पडद्यात बसवत होते, हिच्यात मांगं जागाच नाही. आता हे लुगडं तू धुतं, का तुह्या नवऱ्याले धुवाले लावू?"