रंगवलेला माइक

माझे भावोजी माइक दुरुस्त करायचे. गाण्याच्या कार्यक्रमातले, नाटकवाल्यांचे, सभा-संमेलनांतले. ज्याचा माइक खरखरला तो त्यांच्या दारात उभा. बाजारात त्यांना सगळे कानसेन म्हणत. जेवताना शेजाऱ्यांचा फ्रिज सुरू झाला की यांचा घास हातातच राहायचा. "कॉम्प्रेसर जातोय त्यांचा," म्हणायचे, आणि महिन्याभरात तो जायचा. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, म्हणायची, "जगातलं सगळं ऐकू येतं यांना, मी मारलेली हाक सोडून." तीस वर्षं हाच विनोद, आणि तीस वर्षं आम्ही त्याला हसलो.

ताई प्राथमिक शाळेत शिकवायची. चाळीस पोरं एका हाकेत गप्प करणारा आवाज होता तिचा, आणि गोष्ट सांगायला लागली की तोच आवाज लोण्यासारखा मऊ व्हायचा. एके वर्षी तो बसला तो बसलाच. आम्हाला वाटलं, पोरांवर ओरडून बसला असेल. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की गाठ स्वरयंत्रातच आहे आणि स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. भाचीला, म्हणजे ताईच्या मुलीला, तेव्हा सातवा महिना होता. ताई रडली नाही, एवढंच म्हणाली, "बाळाला माझा आवाज ऐकू यायला हवा. मी गोष्टी वाचते, तुम्ही टेप करा." आयुष्यात नवऱ्याकडे तिने मागितलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट.

भावोजींनी माळ्यावरून जुन्या रेडिओत असायचे तशा काचेच्या व्हॉल्व्हचा माइक काढला. कुठल्याशा बंद पडलेल्या स्टुडिओच्या भंगारातून उचललेला, पण जात्याच उमदा. "हा माइक माणसाचा आवाज जसाच्या तसा धरतो," म्हणाले. व्हॉल्व्ह नवा घातला, आतला ट्रान्सफॉर्मर बदलला, वीज पुरवणारा डबा स्वतः बांधला. ताईला गडद हिरवा रंग आवडायचा, म्हणून माइकच्या अंगाला गाड्या रंगवणाऱ्याकडून हिरवा रंगही मारून आणला. 'एका वेळी एकच बदल' हा त्यांचा धंद्यातला नियम होता, दुसऱ्या मेकॅनिकांना ते त्यावरून झापायचे. त्या आठवड्यात घाईपायी त्यांनी चार बदल एकदम केले.

माइक जोडला आणि घूं. झाकण लावलेल्या डब्यात भुंगा अडकावा तसा. मला तर ते घूं हेडफोन लावल्यावरच कळलं. मी म्हटलं, "भावोजी, एवढं चालतं. वाचू दे तिला." ते ऐकतात होय! दुसऱ्या दिवशी मी माझा कॅसेट रेकॉर्डर घेऊन गेलो. त्याच्याकडे त्यांनी असं पाहिलं की जणू मी घरात चिखलाचे पाय घेऊन आलो होतो.

"या डब्यात बोललं की माणसाची शेळी होते. नातवंडाला आजी ऐकवायची आहे की शेळी?"

ताई हसली, हसता हसता खोकली. माझाही राग नाकावर. रेकॉर्डर उचलला आणि तडक घरी आलो. त्या दिवशी तो तिथेच ठेवून आलो असतो तर काय बिघडलं असतं? हे मी स्वतःला आजही विचारतो.

पुढचे दहा-बारा दिवस भावोजी त्या घूंच्या मागे हात धुऊन लागले. केबल बदलली, अर्थिंग तपासलं, विजेचा डबा खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेला. माइकचं डोकं मुठीत धरलं की घूं कमी व्हायचं. म्हणून आतून तांब्याचा पत्रा बसवला, तरी काही नाही. बारीक घूं ऐकायचं तर खोली गप्प हवी. खिडक्या बंद, पंखा बंद, फ्रिजची पिन काढलेली. ताईला मात्र माइकसमोरच बसवायचे, कारण समोर माणूस असलं की घूं बदलतं म्हणे. आणि सारखं एकच, "बोलू नकोस." गोष्टींचं पुस्तक मांडीवर, बोट पहिल्या ओळीवर, अशी ती तासन् तास गप्प बसायची. तिचे बोलायचे दिवस मोजके उरले होते आणि हा बाबा तिला गप्प बसवत होता. मी फोनवर तिच्यावर डाफरलो, "भांड की जरा!" ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "अरे, माझ्या आवाजासाठीच चाललंय ना त्यांचं? करू दे."

ठरलेल्या तारखेच्या चार दिवस आधी दुपारी हॉस्पिटलमधून फोन आला. खाट रिकामी झाली आहे, पाचपर्यंत दाखल व्हा, ऑपरेशन उद्या सकाळी. मी नेमका कामासाठी परगावी. माइक टेबलावर सुटा सुटा पडलेला. भावोजींनी सोल्डरिंग आयर्न तापवलं, पण घाईत एकेक तार दोनदा सुटत होती. ताईने स्वतःची पिशवी स्वतः भरली आणि पुस्तक घेऊन माइकच्या रिकाम्या स्टँडसमोर येऊन बसली. टॅक्सी आली तेव्हा दोन तारा जोडायच्या राहिल्या होत्या.

"राहू द्या आता," ती म्हणाली. "आल्यावर करू."

"हो, आल्यावर करू," तेही म्हणाले.

आपण काय बोललो ते दोघांनाही टॅक्सी कोपऱ्यावर वळेपर्यंत कळलं नाही. हे मला नंतर भावोजींनीच सांगितलं.

ऑपरेशन चांगलं झालं. ताई घरी आली ती मानेत श्वासाचं भोक, त्यावर पातळ कापड आणि हातात पाटी घेऊन. मधल्या काळात भाचीला मुलगी झाली होती. माइक तसाच पडून. एका रविवारी सकाळी मी गेलो होतो तेव्हा ताईने पाटीवर लिहिलं, 'ते अर्धवट बघवत नाही. पुरं करा.' भावोजींनी त्या दोन तारा जोडल्या, हेडफोन लावला. घूं होतंच.

ताईला स्वच्छतेचं वेड. धूळ पुसायला म्हणून तिने माइकचं डोकं फिरवून काढलं. आट्यांमध्ये हिरवा रंग साचला होता. तिने नखाने खरवडला, मग भाजीच्या सुरीने, आणि डोकं परत घट्ट बसवलं. भावोजी खुर्चीतच ताडकन ताठ झाले. घूं गेलं होतं.

"रंग," ते मला म्हणाले. डोक्याची जाळी आणि खालचं अंग यांचा धातूला धातू लागायला हवा, तरच जाळीला अर्थिंग मिळतं. मध्ये रंग बसला होता, त्यामुळे ती जाळी घरातल्या वायरिंगचं गुणगुणणं पकडत होती. "सगळं तपासलं रे मी. रंग नाही तपासला."

ते परत टेपच्या यंत्राकडे वळले. डोळे आवाज मोजणाऱ्या काट्यावर, हात आवाजाच्या बटणावर. चाळीस वर्षांची सवय. "हं," म्हणाले, "बोल बघू."

ताईने एकदा माझ्याकडे पाहिलं. पाटी दूर होती. मग ती माइककडे झुकली आणि तिचे ओठ हलले. एक, दोन, तीन. काटा जागचा हलला नाही. भावोजींनी बटण थोडं वाढवलं. ती पुन्हा म्हणाली, एक, दोन, तीन. त्यांनी आणखी वाढवलं. आता काटा जरासा थरथरला, तिच्या मानेतल्या श्वासाने. तेव्हा त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं, पण हात बटण फिरवतच राहिला. ताईने तो हात धरला, बटण शून्यावर आणलं आणि त्यांच्या कानांवरचा हेडफोन काढून घेतला.