अलीकडच्या काठावरचं टेकाड

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईला सांगायचं ठरवत राहिले, आणि ती गेली. तुम्हाला का सांगतेय? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी डोंबिवलीला आईबरोबर राहत होते. वडील लवकर गेले होते, आमचं सगळं मामाने पाहिलं. मला जपानीच्या क्लासला घातलं तेही त्यानेच. त्या जपानीमुळेच मोरीता सेन्सेईंकडे दुभाषी म्हणून काम मिळालं. सेन्सेई म्हणजे गुरुजी – बाईंनाही तसंच म्हणतात. पन्नाशीच्या, ठेंगण्या, उन्हाने रापलेल्या. ठाण्याला नौपाड्यात खोली घेऊन राहायच्या. माझ्या आईच्या हातची मेथीची भाजी त्यांना इतकी आवडायची, की रिकामा डबा त्या स्वतः घासून परत द्यायच्या.

शेती सुरू होण्याआधीची माणसं हा त्यांचा विषय. ती माणसं घाट उतरून उल्हास नदीच्या काठाकाठाने खाडीपर्यंत आली, असं त्यांचं म्हणणं. ती दगडाची नखाएवढी पाती करायची, लाकडात बसवायची, आणि त्या हत्याराने शिकार करायची. अशी पाती एका जागी भरपूर सापडली, म्हणजे तिथे वस्ती होती. तिकडे जपानात त्यांच्या या म्हणण्याला कुणी विचारत नव्हतं. घरी वाट पाहणारंही कुणी नव्हतं. एकदा मोसंबं सोलता सोलता सहज म्हणाल्या, "माझ्याकडे हे एवढंच आहे."

एवढंच. आणि ते माझ्या हातात होतं – म्हणजे जिभेवर.

शहाडच्या पुढे नदीकाठी एक टेकाड होतं. ते मामाचं. त्याला तिथे इमारती बांधायच्या होत्या. आम्ही तिथे नदीवर गेलो त्याच्या आदल्या रविवारी जेवताना तो आईला म्हणाला होता, "जुनं काही निघालं ना, की सरकारी माणसं आली, आणि जागा गेली समज." हे तो मला म्हणाला नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला पटवत राहिले की मामाने मला सांगितलं होतं म्हणून मी तसं केलं.

त्या दिवशी सेन्सेई आणि मी नदीवर गेलो, तेव्हा मामाही हौसेने आला होता. भाची परक्या देशाच्या बाईंशी बोलते, याचा त्याला कोण अभिमान! काठावर वाडीतली चांगुणाबाई कपडे धूत होती. सेन्सेईंनी पिशवीतून एक पातं काढून तिच्या तळहातावर ठेवलं. असं इथे कुठे दिसतं का, मी विचारलं.

म्हातारी हसली. "ये? त्या टेकरावं कवरी परलीन! आमी पोरी त्याशी खेलायचो. सांग गो बाईला." केवढी तरी पडलीत, म्हणत तिने ओला हात मामाच्या टेकाडाकडे केला.

सेन्सेई माझ्याकडे बघत होत्या. मामा जरा लांब बिडी पेटवत होता, त्याला ऐकूही गेलं नसावं. मला कुणी धमकावलं का? नाही. विचार करायला वेळ नव्हता का? होता. मी म्हणाले – जपानीत, अगदी शुद्ध – "नदीच्या पलीकडे कुठेतरी, असं म्हणतात त्या. नीट आठवत नाही त्यांना."

संध्याकाळी नौपाड्यातल्या खोलीत चहा ओतताना सेन्सेईंनी विचारलं, "वसुधा-सान, आजी नक्की काय म्हणाल्या? त्यांचा हात तर या बाजूला होता."

"म्हाताऱ्या माणसांचे हात थरथरतात," मी म्हणाले.

त्यांनी किटली खाली ठेवली. मग खाली वाकून त्यांनी माझी माफी मागितली – माझ्यावर शंका घेतली म्हणून. माझी! मी तो चहा प्यायले. गोड होता, हेही आठवतं.

मग त्या दर हिवाळ्यात येत राहिल्या, आणि आम्ही पलीकडचा काठ खणत राहिलो. माती, शंख, खापराचे हल्लीच्या काळातले तुकडे. गुडघे दुखायला लागले तसं त्या बसून खरवडायच्या. दर हिवाळ्याआधी ठरवायचे, या वेळी सांगायचं. पण सांगायचं म्हणजे आधीच्या हिवाळ्याचंही सांगायचं – आणि दर वर्षी ते आणखी मोठं होत गेलं. शेवटी त्यांच्या संस्थेने काम बंद केलं. चांगुणाबाई तोवर वारली होती.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मामाने टेकाड सपाट केलं. मी गेले होते बघायला. ट्रकमध्ये माती भरत होते, कुठल्याशा रस्त्याच्या भरावासाठी. त्या मातीत पाती होती. राखी, लालसर, मधाच्या रंगाची, धार अजून शाबूत. फावड्यागणिक वर जात होती. "थांबा" म्हणायला मला तोंड होतं. मामा म्हणाला, "काय गं, धुळीत कशाला उभी? सावलीत ये." मी सावलीत गेले.

सेन्सेई निवृत्त झाल्यावर एकदा भेटायला आल्या. काठी घेऊन. माझं लग्न झालं होतं, मुलगी कडेवर होती. तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "माझा अंदाजच चुकला. तुमची इतकी वर्षं फुकट घालवली." मी त्यांना स्टेशनपर्यंत सोडलं. सारा रस्ता त्यांचा हात माझ्या हातात होता, आणि मी एक शब्द बोलले नाही.

त्या गेल्याचं त्यांच्या एका विद्यार्थ्याने फोनवर कळवलं. शेवटपर्यंत नदीचं बोलायच्या, म्हणाला. मग जरा अडखळत त्याने विचारलं, सेन्सेईंच्या नावाने पुन्हा खणून बघावं अशी एखादी जागा तिकडे उरलीय का?

"नाही," मी म्हणाले. आणि ते आता खरं होतं.