पेजेत पाणी कोणी घातलं?

मला हसू नेमकं नको तिथे येतं. साठच्या दशकात, मोरा बंदरावरच्या आमच्या कोळीवाड्यात बाबांची कावीळ उतरली, तेव्हा तर मी दिवसभर खिदळत होते. मुंबईच्या डॉक्टरांनी त्यांचं पोट उघडलं होतं. स्वादुपिंडावरची कॅन्सरची गाठ काढण्याजोगी नव्हती, म्हणून अडलेल्या पित्ताला दुसरी वाट करून देऊन त्यांनी टाके घातले. डोळ्यांचा पिवळेपणा गेला, खाज थांबली. वाड्याने ठरवून टाकलं की माणूस बरा झाला, आणि सगळं श्रेय दिलं गळ्यातल्या काविळीच्या माळेला!

बाबा मात्र जेवायला घाबरत. दोन घास गेले की पोट फुगे, दुखे. अंगावरचं मांस झरझर उतरत होतं. होडीवर तिघांचं जेवण एकटा फस्त करणारा माणूस ताट बघून तोंड फिरवी, ते आईला बघवत नसे. डॉक्टरांनी जेवणाबरोबर घ्यायला एक पूड दिली होती. तिचा वास बाबांना सोसेना. आईने शक्कल लढवली. सकाळीच पूड कोमट पेजेत कालवून भांडं झाकून ठेवलं.

तासाभराने झाकण काढलं, तर घट्ट पेजेचं पाणी!

आईने चुलीपाशी बसलेल्या आत्याकडे बघितलं. "पानी कोनी घातला?"

"मना याड लागलाय काय, पेजंत पानी घालाला?" आत्या कडाडली.

दुसऱ्या दिवशी दोघी भांड्याच्या दोन बाजूंना पहाऱ्याला बसल्या, एकमेकींवर डोळे रोखून. कोणी हललं नाही. तरी पेज पातळ झालीच. आत्या किंचाळली, आईने मीठमोहऱ्या ओवाळून भांड्याची दृष्ट काढली. चक्क भांड्याची! मी जमिनीवर लोळायची बाकी होते. बाबा टाक्यांवर उशी दाबून हसत होते, "अगो गप र्‍हावा, टाकं तुटतील!"

मला बरोबर घेऊन आई लाँचने मुंबईला गेली आणि तिने डॉक्टरांना सगळं सांगितलं. तेही हसले. म्हणाले, "पेज पचवायचं जे काम पोटात व्हायचं, ते पुडीने भांड्यातच केलं. स्वादुपिंडाचा पाचक रस आता पोटात पोचत नाही, म्हणून ही पूड. थंड पाण्यातून, पहिल्या घासाबरोबर द्या. थोडं थोडं, पण वरचेवर खाऊ देत. आणि दुखण्याचं औषध वेळेवर द्या, कळ उठायची वाट बघू नका."

"मंग बरं व्हतील ना?" आईने विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "पण जेवतील."

माझं हसू तिथल्या तिथे विझलं. लाँचवर आई खाडीकडे बघत राहिली. मी तिचा हात धरला. मला फार भीती वाटत होती.

संध्याकाळी आईने ओल्या बोंबलांचं कालवण केलं. बाबांनी नाक दाबून पूड घेतली आणि वेडंवाकडं तोंड केलं. मग एक बोंबील खाल्ला. आम्ही तिघी श्वास रोखून त्यांच्या पोटाकडेच बघत बसलो.

"काय गो, पोटाला माज्या शिंगा फुटली काय?" ते म्हणाले. "वाढ आजून."

आईने वाढलं. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तेवढ्यात शेजारीण दारातून डोकावली.

"बरं झालं ना गो घरधनी?"

"बरं नाय व्हायचं," आई स्वच्छ आवाजात म्हणाली. "पन आज दोन बोंबील खाल्लान."