ढिगाच्या पोटातली ओल

लातूरच्या एका दाळमिलमध्ये रेवणसिद्ध एकतीस वर्षं तूर वाळवत आला होता. तेलपाणी दिलेली तूर उन्हात पसरायची, दाणा दाताखाली धरायचा आणि भरडायला घ्यायची की नाही ते सांगायचं, हे त्याचं काम. त्याने मान हलवल्याशिवाय मशीनचा पट्टा फिरत नसे.

यंदा मालक रुद्रेशअण्णांनी हे काम संगणकावर घ्यायचं ठरवलं. सॉफ्टवेअर बनवणारी आरती रोज वही घेऊन त्याच्या शेजारी बसू लागली.

"काका, तुमच्या डोक्यात आहे ते सगळं मला पाहिजे. त्यालाच आम्ही रिक्वायरमेंट म्हणतो. एक जरी राहिली तरी पुढं सगळं चुकतं."

"आन् समदं सांगितल्यावर?"

"मग तुम्ही युझर. नुसतं स्क्रीनवर बघायचं."

दाळ निवडणारी शरणम्मा खिदळली. "डोस्कं काढून घ्यायल्यात काका तुमचं! टोपी तेवढी ऱ्हाईल."

रेवणसिद्धही हसला. पण नुसतं बघायला पगार कोण देतं? त्याने ऊन सांगितलं, वारा सांगितला, तेलाचं माप सांगितलं. एक तेवढं गिळलं. आभाळ असलं की ढिगात कोपरापर्यंत हात घालून आतला दाणा घ्यायचा, कारण वरचा फसवतो.

टेस्टिंग आठ दिवस चाललं. आठही दिवस कडक ऊन. "एकही बग नाही," आरती म्हणाली. बग म्हणजे चूक, हे एव्हाना त्याला कळलं होतं. ती कुठं दडलीय हे मात्र त्याला एकट्यालाच ठाऊक होतं.

ज्या दिवसापासून संगणकाच्या शब्दावर मिल चालणार होती, तो रिलीजचा दिवस उजाडला तोच भरल्या आभाळाने. ढिगावर ठेवलेल्या यंत्राने ओलावा मोजला. स्क्रीन हिरवी झाली. अण्णांनी नारळ फोडला. चाळीस क्विंटल तूर मशीनच्या तोंडाशी होती. ओली भरडली तर टरफल सुटणार नाही, दाणा पिचणार. बोललं तर लबाडी उघडी पडणार.

पट्टा फिरू लागला तसा रेवणसिद्ध ओरडला, "थांबवा! आत ओल हाय!"

मशीन थांबलं. त्याने ढिगात हात खुपसून दाणा काढला आणि अण्णांपुढे धरला. तो नखाने दबत होता.

"हे आधी का न्हाई सांगितलं?"

"भ्या वाटलं, अण्णा."

अण्णांनी तो दाणा आरतीच्या तळहातावर ठेवला.

"रोलबॅक करते, म्हणजे नवं मागं घेते," आरती म्हणाली. "दोन दिवस जुन्याच पद्धतीनं चालू द्या." मग तिने वही उघडली. "सांगा काका."

त्याने सांगितलं. तिने शब्दन्‌शब्द उतरवून घेतला.

"आणखी काही राहिलंय?"

"न्हाई."

या वेळी ते खरं होतं. आता आपल्याजवळ काहीच उरलं नाही, हे ध्यानात आलं तेव्हा तो तिथंच तुरीच्या पोत्यावर बसला.