साडेसात किलोचं बाळ

अंधेरीच्या ज्या ऑफिसात मी काम करते, तिथे स्पॅनिश येणारी मी एकटीच. कॉलेज संपल्यावर घाटकोपरला एका बाईंच्या घरी तीन वर्षं शिकले. त्या जोरावर नोकरी लागली. सॉफ्टवेअर स्पॅनिशमध्ये आलं की सगळं बरोबर दिसतंय का ते तपासायचं, हे माझं काम.

त्या वर्षी दवाखान्यांसाठीचा एक प्रोग्राम आला. पेशंटचं वजन टाकलं की औषधाचा डोस काढून द्यायचा, पुढच्या भेटीची वेळ छापायची. क्लायंटचे दवाखाने मेक्सिकोत होते. भाषांची यादी उघडली तर त्यात स्पॅनिश एकच, आणि तिच्यामागचे सगळे नियम स्पेनचे.

मी टीम लीडकडे गेले. तो माझ्याच वयाचा, आम्ही एकत्रच लागलेलो, त्यामुळे बोलणं अरे-तुरेचं.

"अरे, स्पेनमध्ये साडेसात लिहिताना सातनंतर स्वल्पविराम देतात. मेक्सिकोत आपल्यासारखाच पॉइंट. वेळेचंही तसंच आहे. स्पेनवाले सोळा वाजले लिहितात, मेक्सिकोत चिठ्ठीवर दुपारचे चार लागतात."

"स्पॅनिश म्हणजे स्पॅनिश ना, यार. किती प्रकारचं असणार?"

"देशागणिक वेगळं असतं. आणि कोणी पॉइंट दिला तर आपला प्रोग्राम तो चक्क गिळून टाकतो. सात पॉइंट पाचचे पंच्याहत्तर होतात. मी टाकून बघितलंय."

"तू लिहून टाक, बघतो."

मी कॉम्प्युटरवर दोष नोंदवायचं तिकीट लिहिलं, स्क्रीनचे फोटो जोडले. दुसऱ्या दिवशी त्याने ते बंद केलं. शेरा होता, भाषेचा प्रश्न, प्रोग्रामचा नाही. मी पुन्हा उघडलं, त्याने पुन्हा बंद केलं. मग सगळ्या टीमसमोर हसत म्हणाला, "तू शब्द बघ ना. आकडे आम्ही बघतो." दोघेतिघे हसले. माझे कान तापले. मी तिसऱ्यांदा उघडलं, त्याने विचारलंसुद्धा नाही, बंद करून टाकलं. नंतर मी ते उघडलं नाही. प्रोग्राम क्लायंटकडे गेला, केक कापला गेला, आणि मीही खाल्ला.

तीन महिन्यांनी संध्याकाळी साडेसातला आम्हाला व्हिडिओ कॉलवर बसवलं. तिकडे मेक्सिकोत सकाळचे आठ वाजले होते. समोर पन्नाशीची एक नर्स, केस घट्ट बांधलेले, आवाज अगदी शांत. तिला इंग्रजी येत नव्हतं म्हणून मी दुभाषी. तिने एक छापील कागद कॅमेऱ्यासमोर धरला. आठ महिन्यांचं बाळ, ताप. वजन तिने स्वतः टाकलं होतं, सात पॉइंट पाच. कागदावर होतं पंच्याहत्तर किलो, आणि तापाच्या औषधाचा डोस त्या हिशोबाने. दहापट.

"मी बाटली हातात घेतली," ती म्हणाली, "आणि वाटलं, एवढं तर या बाळाच्या पोटात मावणारही नाही. म्हणून थांबले. माझ्या जागी नवीन मुलगी असती तर तिने कागदावर विश्वास ठेवला असता."

मी हे मराठीत सांगितलं.

मग तिने विचारलं, "आम्ही पॉइंट देतो हे तुमच्याकडे कोणालाच माहीत नव्हतं का?"

लीडने पटकन आमचा आवाज बंद केला. "तिला सांग, टायपिंगमध्ये चूक झाली असेल. आम्ही तपासतो."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याला खरंच वाटत होतं की मी हे तिला सांगेन. मी हात पुढे करून आवाज चालू केला आणि स्पॅनिशमध्ये म्हणाले, "माहीत होतं. मी तीनदा लिहून दिलं होतं. चूक तुमची नाही, आमची आहे."

नर्सने कागद खाली ठेवला. म्हणाली, "खरं सांगितलंत, बरं केलंत."

कॉल संपल्यावर लीडने विचारलं, "काय बोललीस तू तिला?"

मी शब्दन् शब्द सांगितला. तो पांढरा पडला. "क्लायंटसमोर? वाट लावलीस तू माझी."

बाळाबद्दल तो एक शब्द बोलला नाही. कॉलवर नाही, नंतरही नाही. मला सगळ्यात जास्त चीड याची आहे.

दुरुस्तीला किती वेळ लागला? दोन दिवस. मानखुर्दहून येणारी आमची एक प्रोग्रामर मैत्रीण आहे, तिने स्पॅनिशच्या यादीत देश निवडायची सोय केली आणि प्रत्येक देशाचे आकडे, वेळा आणि तारखा वेगळ्या केल्या. "आधी कोणी सांगितलंच नाही गं मला," ती म्हणाली. तिकीट तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

पुढे क्लायंटला पाठवायच्या रिपोर्टचा मसुदा आला. त्यात लिहिलं होतं, भाषा तपासणीत राहून गेलेली त्रुटी. म्हणजे मी. मी ते तिकीट, तिन्ही तारखा आणि त्याचे शेरे जोडून सगळ्यांना उत्तर पाठवलं. मोठ्या साहेबांनी लीडला आणि मला बोलावलं. ते वाक्य काढलं गेलं, पण त्या जागी खरं काय ते कोणी लिहिलं नाही. मला मात्र क्लायंटसमोर अंतर्गत बाब उघड केल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली. "फॉर्मॅलिटी आहे," साहेब म्हणाले, "मनावर घेऊ नकोस." मी ते पत्र त्यांच्यासमोर दोनदा वाचलं आणि सही करायला नकार दिला. तरी ते माझ्या फाइलला आहेच.

नाहूरला घरी आल्यावर बाबांना सगळं सांगितलं. बाबा मालवणचे, गिरणीत होते, नंतर वॉचमनची नोकरी केली. साहेब लोकांना शिव्या घालतील असं वाटलं होतं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तिसऱ्या वेळेक गप कित्याक रवलंस?"

तिसऱ्यांदा तिकीट बंद झाल्यावर मी गप्प का राहिले, या प्रश्नाने मी चिडले. म्हटलं, तुम्हाला ऑफिस म्हणजे काय माहीत नाही. दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. स्वयंपाकघरात भांडी आपटली. आईने विचारलं तर तिच्यावरही ओरडले.

लीड अजून त्याच टेबलावर बसतो. परवा म्हणाला, "झालं गेलं सोड ना, चल चहाला." मी गेले नाही. तो चहा पिऊन येईपर्यंत मी त्याच प्रोग्रामची पोर्तुगीजची यादी उघडली. तिथेही एकाच देशाचे नियम होते, देश निवडायची सोय नव्हती. मी तिकीट लिहिलं, आणि या वेळी लीडबरोबर साहेबांना आणि त्या मैत्रिणीलाही पाठवलं.