भाच्यापुरती काळजी

माझा धाकटा भाऊ शास्त्रज्ञ आहे. लहानपणापासून पुस्तकात तोंड खुपसून बसायचा, म्हणून घरात सगळे त्याला पंडित म्हणतात. पन्नाशी उलटली, डोक्यावरचे केस गेले, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. दारू नाही, विडी नाही, बायकोपुढे शब्द नाही. पिंजऱ्यात उंदीर सापडला तर लांब नेऊन सोडून येणारा माणूस. ह्याची मला एक दिवस किळस येईल असं कुणी म्हटलं असतं, तर मी त्याच्या कानाखाली वाजवली असती.

पंडितने बूट केले. लढाई संपली तरी शेतांत पुरलेले सुरुंग तसेच राहतात. ते शोधून काढणाऱ्यांसाठी जाड तळाचे बूट, सुरुंग फुटला तरी पाय वाचवणारे. पेपरात फोटो आला, सत्कार झाला, शांततेचा सेवक काय नि काय. माझा मुलगा सुरुंग काढणाऱ्या तुकडीतच आहे, त्याच्याही पायात मामाचेच बूट. मी हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घालते, पाय गेलेली माणसं रोज बघते. त्यामुळे भावाच्या पाया पडायचीच काय ती बाकी होती.

एका रविवारी दुपारी तो न कळवता आला. पाण्याचा ग्लास हातात धरून बसला, पिईना. मुलगा गॅलरीत कपडे वाळत घालत होता.

"ताई, ह्याला उद्या कामावर पाठवू नकोस. तुकडी नदीपलीकडच्या पट्ट्यात जाणार आहे. तिथे नव्या जातीचे सुरुंग आहेत."

"मग? तुझे बूट आहेत की."

"ते सुरुंग बूट फोडण्यासाठीच केलेत."

मग त्याने सगळं सांगितलं, तेही वर्गात भूगोल शिकवावा तशा आवाजात. त्यांच्या प्रयोगशाळेत व्हरांड्याच्या एका बाजूला बूट होतात, दुसऱ्या बाजूला सुरुंग. एकच संचालक, चहाची किटलीसुद्धा एकच. बुटाचा तळ किती धक्का सोसतो त्याचे आकडे पलीकडच्या सुरुंगवाल्यांनी मागितले, ह्याने दिले. त्यांनी त्याहून जोरदार सुरुंग केला, आणि गेल्या लढाईत आपल्याच सैन्याने तो नदीपलीकडे पुरला.

"मागितले आणि तू दिलेस?"

"मोजणं माझं काम, ताई. पुढे कोण काय करतं ते माझ्या हातात नाही."

शी! आगीत तेल ओतायचं आणि वर म्हणायचं, तेल माझं, आग माझी नाही.

मुलाने ऐकलं होतं. ओल्या हातांनी तो आत आला. "मामा, आमच्या प्रमुखांना सांगितलंस का हे?"

"वेडा आहेस का? गुप्त आहे सगळं. नोकरी जाईल, वर तुरुंग. तू घरचा म्हणून सांगतोय."

"आमच्या तुकडीत बाकीच्यांचा मामा प्रयोगशाळेत नाही ना, म्हणून विचारलं," पोरगा म्हणाला. "मी उद्या जाणार." आणि परत गॅलरीत गेला.

पंडित माझ्याकडे सरकला. आवाज खाली आणला. "ताई, तुझ्याकडे सामान असतंच. त्याच्या पायाला प्लास्टर घालून टाक. जिन्यावरून पडला म्हणायचं. महिनाभर घरी बसेल, तोवर तो पट्टा उरकेल."

उरकेल! कसा उरकेल? इतरांचे पाय उडून! अंगावर पाल पडावी तसं झालं मला. माझ्या पाठचा भाऊ, मी कडेवर खेळवलेला, आणि हे सगळं त्याने डोकं लावून जुळवून आणलं होतं.

"लाज वाटते का मेल्या?" मी ओरडले. "तुझ्या भाच्याच्या धडधाकट पायाला प्लास्टर घालू, आणि उरलेल्यांचे तुटके पाय माझ्याच टेबलावर घेऊ?"

"हळू बोल, शेजारी ऐकतील," तो म्हणाला. ह्याला अजून शेजाऱ्यांची पडलेली!

मी पायात चपला घातल्या, मुलाला हाक मारली आणि तडक प्रमुखांचं घर गाठलं. पंडित जिन्यापर्यंत मागे आला, "ताई, ताई" करत. मी वळले नाही. प्रमुखांनी विचारलं, हे सांगतंय कोण? म्हटलं, माझा सख्खा भाऊ, आणि नाव सांगितलं.

त्या पट्ट्यातलं काम थांबलं. पंडितची चौकशी लागली. आता तो आत जाणार म्हणून मी रडलेही, खोटं कशाला बोलू? पण कसलं काय! सुरुंगाची बातमी फुटली, म्हणजे आता त्याला पुरून उरतील असे नवे बूट हवेत, आणि बुटातलं ह्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळतंय? हुद्दा वाढवून दिला त्याला. नदीपलीकडची शेतं अजून पडीक आहेत, माणसं लांबचा वळसा घालून जातात.

परवा त्याचा फोन आला. इतक्या दिवसांनी, जसं काही झालंच नाही.

"ताई, पोराच्या पायाचं माप दे. नव्या बुटांचा पहिला जोड त्यालाच."

"ह्या खेपेला आकडे व्हरांड्यापलीकडे देणार नाहीस ना?"



"मागितले तर द्यावेच लागतील ना, ताई."